इंजनावरचा भैरोबा

पौड,
मार्गशीर्ष वद्य अष्टमी, शके १८५०

प्रिय नथूस दादाचे अनेक आशीर्वाद.

पत्राच्या माथ्यावर श्री दिसला नाही म्हणून दचकू नकोस. हात तेलाचे होते, घाईत राहून गेला. तुझं कराचीचं पत्र मागेच मिळालं. गोदीतल्या कारखान्यात तुला मोठ्या इंजनांवर घेतलं हे वाचून घरात गूळ वाटला. तुझ्या वहिनीनं शेजारच्या गोजराबाईला ते इतक्यांदा सांगितलं, की आता गोजराबाईच तुझं पत्र तोंडपाठ म्हणून दाखवते. कराची कुठंशी आहे हे मात्र दोघींनाही ठाऊक नाही. खडकीच्या पुढं, एवढंच.

तू विचारलं होतंस, इंजनाचं तेल गळायचं थांबलं का. थांबलं बाबा. आता फडकं फिरवलं तर कोरडं निघतं. पण ते कसं थांबलं हे मला पहिल्यापासून सांगू दे. कथा ऐकताना शेवट आधी विचारायची तुझी खोड जुनी आहे, ती आज आवर.

धरणाचं पाणी चढलं आणि आपण गाव सोडून इथं वर आलो, तेव्हा भाताच्या गिरणीसाठी या इंजनाचा पाया तूच खणलास. तुला आठवत असेल, आई त्या दिवशी कामाला हात लावत नव्हती. तिचा जीव खाली राहिला होता. घरातले टाक आपण फडक्यात बांधून आणले, पण भैरोबाची शिळा जमिनीतून उगवलेली, ती कशी उचलणार? गावकऱ्यांनी नारळ फोडला, कान धरले आणि देव तिथंच ठेवला. लोक संकटात देव पाण्यात घालून बसतात, आपला तर सरकारी हुकमानंच पाण्यात गेला. तू कराचीला गेल्यावर आई दर रविवारी न चुकता शेंदराची वाटी कालवायची आणि उंबऱ्यात बसून राहायची. लावायचा कुणाला? मग संध्याकाळी वाटी तशीच फळीवर ठेवून द्यायची. मला ते बघवत नसे.

मागच्या सुगीत भाताच्या गाड्या दारात उभ्या असताना इंजनाचं पॅकिंग फुटलं. फाट फाट आवाज झाला, धूर कोंडला आणि चाक थांबलं. आईचा चेहरा पांढराफटक पडला. जमीन गेली, देव गेला, आता हेही बसलं तर कुठं जायचं? पुण्याहून मिस्त्री आणला. त्यानं सगळं उघडलं, घासलेटानं धुतलं, वरचं खालचं सगळं पॅकिंग नवं घातलं, पोटभर जेवला, पान खाल्लं आणि गेला. इंजन पहिल्या हिसड्याला सुरू झालं. त्याच दिवशी आई वाटी घेऊन गिरणीत आली. तेलाच्या पेटीवर ती पितळेची गोल टोपी आहे ना, तिच्यासमोर उकिडवी बसली आणि मला म्हणाली, “भैरू, द्येव हितंच बसतो म्हनलाय. सपनात आल्ता.” आणि टोपीला शेंदूर थापला. मला हसू आलं, पण रागावलो नाही. किती दिवसांनी तिच्या हाताला काम मिळालं होतं! तुझ्या वहिनीनं वर दोन फुलं वाहिली आणि भैरोबाची स्थापना झाली.

आणि त्याच आठवड्यात तेल गळायला लागलं. पेटीच्या सांध्यातून आधी पाझर, मग धार. मी पॅकिंग बदललं. पुन्हा गळलं. जाड कागदाचं कापून घातलं, बुचाचं घातलं, रोगण लावलं, बोल्ट इतके आवळले की एक हातात तुटून आला. मिस्त्री पुन्हा आला आणि मलाच म्हणतो, तुम्हाला आवळायची अक्कल नाही. मी त्याला जे सुनावलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. गेला तणतणत. पण त्यानं बसवलेलंही चार दिवसांत गळायला लागलं, तेव्हा कुठं माझा जीव जरा थंड झाला. मेल्या, आता सांग अक्कल!

गंमत बाजूला राहू दे. तांदळाला तेलाचा वास यायला लागला. कोळवणच्या गाड्या आधी कुरकुरल्या, मग दुसरीकडं वळल्या. तिथला कोंडाजी तर तोंडावर म्हणाला, “भैरूदा, भात भरडून दिला का दिव्यात बुडवून?” गिरणी बंद पडली तर मुंबईला जाऊन ओझी वाहण्यावाचून गत नव्हती, आणि आईला मुंबईला नेणं म्हणजे मासा वाळूत टाकणं. तिला ते कळत होतं. ती एकच म्हणायची, “लेप कमी पडतुया.” मग रविवारचा शेंदूर गुरुवारीही लागायला लागला, आणि पुढं रोज. तेल जितकं वाहायचं तितकी ती जाड थापायची. भैरोबा चांगला नारळाएवढा झाला.

तुझं आधीचं पत्र आलं त्यात तू लिहिलं होतंस, पेटीतली वाफ बाहेर जायची वाट मोकळी आहे का बघ, नाहीतर वाफ तेलाला ढकलते. मी धुराची नळी काढून झाडली, कोपरे साफ केले, जिथं जिथं भोक दिसलं तिथं तार घातली. ती टोपी ध्यानातच आली नाही रे. तिथं टोपी उरलीच कुठं होती? तिथं देव होता. शेंदूर लागलेल्याला पान्यानं खरवडून बघायचं, हे आपल्या कुणाच्या डोक्यात येईल का?

दिवाळीनंतरच्या रविवारी आई वाटी घेऊन गिरणीत शिरली आणि जमिनीवरच्या तेलावरून तिचा पाय घसरला. खुब्यात मोडलं. हाडवैद्य आला, पट्ट्या बांधल्या, पाला लावला, आणि बाहेर येऊन माझ्याकडं बघून नुसती मान हलवली. आई पडूनच राहिली. वेदनेनं कळवळायची, तरी भिंतीपलीकडच्या इंजनाकडं कान. “आज लावलास का?” असं मला विचारायची. मी लावला म्हणायचो. खरं म्हणजे तिच्या दुखण्यात माझा त्या देवावर राग होता, मी वाटीला हातही लावला नव्हता.

आणि एक दिवस चालत्या इंजनाच्या हादऱ्यानं ते शेंदराचं कवच सुटलं आणि अख्खं खाली पडलं. गोजराबाई भात घेऊन आली होती, ती ओरडलीच, “देवानं कवच टाकलं! देवानं कवच टाकलं!” पलीकडची साळूबाई धावली, बायका जमल्या, हळदकुंकू झालं. मी टोपीजवळ वाकलो. टोपीच्या अंगावरची बारीक भोकं शेंदरानं गच्च बुजलेली, आणि दोन-चार नुकतीच मोकळी झालेली. त्यातून वाफ हळूच सुस्कारा टाकत होती. सांध्यातली धार माझ्या डोळ्यांदेखत थांबली. नथू, तेव्हा ध्यानात आलं. तेल गळतं म्हणून आई शेंदूर लावत होती, आणि शेंदूर लावत होती म्हणून तेल गळत होतं. आणि त्याच तेलावर ती घसरली. बायका मात्र देवाला हात जोडत होत्या.

कवच फडक्यात घेऊन आईकडं गेलो. बायकांनी आधीच बातमी पोचवली होती. तिनं विचारलं, “गळायचं थांबलं?” मी म्हटलं, थांबलं. “येक थेंब बी न्हाई?” एकही नाही, आई. तेव्हा ती जी हसली, तशी गाव सोडल्यापासून हसली नव्हती. म्हणाली, “बघ, पाण्याखालनं बी आला का न्हाई! लेकरांसाटी आला.” मी हो म्हटलं.

त्यानंतर दोन दिवसांनी, इंजन चालू असतानाच, आपली आई गेली. त्या आवाजात तिला बरं वाटत होतं, म्हणून ते बंद करू नका म्हणाली होती. तार केली नाही, कारण तू वेळेवर पोचला नसतास आणि परक्या माणसानं तुला ती इंग्रजीतली तार वाचून दाखवावी हे मला नको होतं. दिवसकार्य मी केलं. मरणाच्या या पत्रावर श्री का नाही हे आता तुला कळलं असेल. पण पत्र त्यासाठीच लिहिलं असं नाही. तू सुट्टीला येशील, फिटर माणूस, आल्या आल्या इंजनाला हात घालशील, टोपीच्या भोकांत शेंदूर दिसेल आणि चारचौघांत बोलून जाशील. ते बोलू नकोस. हे तुला आणि मला, बस्स. बायका अजून रविवारी येतात. टोपीवर नको, देव आता इंजनाच्या पायाच्या दगडावर उतरलाय, असं मी त्यांना सांगितलंय, आणि त्या तिथं लावतात. कवच मी भिंतीतल्या देवळीत ठेवलंय. वरच्या थरात तिच्या अंगठ्याचा ठसा तसाच आहे. ते पाण्यात सोडायला हवं, पण एकट्यानं माझ्याच्यानं होत नाही. तू ये. होडीनं बुडालेल्या गावावर जाऊ, भैरोबा जिथं होता तिथं दोघं मिळून सोडू. आता पत्र खाली ठेव आणि आधी आंघोळ कर, नथू.

तुझाच दादा,
भैरू