गेटवरची पेटी

नाशिक रोड,
१८ नोव्हेंबर २०२५

चि. महेश,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. राखीची पाठ आता कशी आहे? ओझरला थंडी पडली असेल, कानाला बांधल्याशिवाय कारखान्यात जाऊ नकोस. आई गेल्यापासून तू कुणाचाच फोन घेत नाहीस, म्हणून कागद घेतला.

आमच्या वीजकेंद्रात सरकारची माणसं पुन्हा तपासणी करून गेली. बाहेरून कुणी संगणकात शिरून शहर अंधारात टाकू नये म्हणून पेनड्राइव्ह लावायच्या जागाही सील केल्यात. मोबाइल तर आधीपासूनच गेटवरच्या पेटीत. आठ तास मी आणि ते संगणकाचे पडदे. घरी आल्यावरही बोलायला कुणी नसतं रे.

तुझा तक्रारअर्ज साहेबांनी मला वाचायला दिला. पेटीत फोन वाजत होता, आईच्या छातीत दुखत होतं, आणि वॉचमननं आत निरोप दिला नाही, असं तू लिहिलंस. शुक्रवारी त्या वॉचमनची, खंडेरावांची चौकशी आहे. बहुतेक नोकरी जाईल त्यांची.

तेराव्याला मीच सांगितलं होतं ना, फोन पेटीत होता, नियमच मेला तसा! सगळ्यांना पटलं. शहर वाचवायला केलेला नियम, त्याच्याच डोक्यावर मी खापर फोडलं.

महेश, पहिल्यांदा वाजला तेव्हा फोन माझ्या हातात होता. आईचं नाव दिसलं. रोज ड्यूटीच्या तोंडावर तिचं तेच, जेवलीस का, डब्यात काय नेलंस. वैताग यायचा मला. खंडेराव म्हणालेसुद्धा, "घ्या की ताई, पाच मिनिटं हायेत अजून." मी म्हटलं, "राहू द्या हो, तिचं रोजचंच आहे," आणि वाजणारा फोन तसाच पेटीत टाकला. पुन्हा वाजला तेव्हा त्यांना माझंच बोलणं खरं वाटलं असणार.

त्यांनी हे अजून कुणाला सांगितलेलं नाही. काल मी विचारलं, का? तर म्हणाले, "तुमची आई गेली ताई, वर आनिक हे कशाला." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आज साहेबांना सगळं लिहून दिलं. तू रागव, काय बोलायचं ते बोल, पण तुझा अर्ज शुक्रवारच्या आत मागे घे.

आईनंतर मला तूच आहेस. हे वाचून मला ताई म्हणशील की नाही, ठाऊक नाही. म्हणून खाली नुसतं नाव लिहिते.

उज्वला