सोमवारी बंद पडणारी गाडी

३ मार्च

ती. मामा,

सा. न. वि. वि., आणि तुमच्या डोळ्यांना वेगळा नमस्कार, कारण हल्ली तुमच्या घरात सगळ्यांत जास्त मान त्यांनाच आहे असं वहिनीनं कळवलंय.

दुकान ठीक आहे. शटर अजून डावीकडे अडतं. शेजारचे सीट-कव्हरवाले रोज काहीतरी निमित्त काढून येतात आणि आपल्या भिंती पावलांनी मोजून जातात. परवा तर माझ्या टेबलाच्या जागी शिलाई मशीन बसेल का, हे बघायला मोजायची टेपच आणली होती. टेपचं दुसरं टोक मी धरलं. दुकान त्यांना द्यायचं की माझ्याकडे ठेवायचं हे तुम्ही महिनाअखेर ठरवणार, आणि त्याची घाई माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त आहे.

नर्सबाईंची गाडी लागोपाठ दोन सोमवार सुरू झाली नाही. शनिवार-रविवार त्यांना सुट्टी, गाडी दारात उभी. सोमवारी किल्ली फिरवली की टक्, आणि पुढे गप्प. वीस वर्षांचं हे गिऱ्हाईक सांभाळलंस तर दुकान सांभाळशील, असं तुम्ही जाताना म्हणाला होतात, म्हणून मी जीव तोडून बघितलं. नवा चिमटा लावला. तोच, जो तुम्ही स्वयंपाकघरात परत पाठव म्हणालात. वायर सोडायची नाही, कापायची नाही, नुसती त्याच्या जबड्यात धरायची, की तिच्यातून किती करंट जातोय ते तो सांगतो. आकडा आला शून्य. म्हणजे बंद असताना गाडी काहीच खात नाही. दोष बॅटरीचा, ती म्हातारी झालीच होती. नवी बसवली. विषय संपला.

जेवणानंतर लगेच झोपू नका. माया कमी करू नका आणि खोड्याही.
तुमची भाची

७ मार्च

चि. भाचीस,

अ. आ. मी सांगतोय आणि सूनबाई लिहितेय. अक्षर तिचं, शहाणपण माझं.

विषय संपला हे वाक्य मला आवडलं नाही. बॅटरी म्हातारी होऊन मरते तेव्हा वार बघून मरत नाही. दुसरं म्हणजे शून्य कसं आलं? गाडीत घड्याळ आहे. ते काय हवेवर चालतं? बंद गाडीसुद्धा थोडं खातेच, चिमूटभर का होईना. तुझ्या चिमट्याला ते चिमूटभरही दिसलं नाही, म्हणजे तो तरी आंधळा असेल, नाहीतर तू तरी. आंधळेपणातलं मला आता थोडं कळतं.

मी चाळीस वर्षं बॅटरीची वायर काढून मध्ये बल्ब लावत आलो, तो पेटला की कुठेतरी करंट गळतोय हे कळायचं. आताच्या गाड्यांत वायर काढली की आतला कॉम्प्युटर दचकून उठतो आणि गळतीचा माग पुसला जातो, हे तू मला सांगितलंयस आणि ते मला पटलंय. तेव्हा चिमटा वाईट म्हणत नाही. पण तू काय काय केलंस ते क्रमानं लिहून पाठव. आधी काय, मग काय, हात कुठे होता. मध्ये स्वतःची अक्कल घालू नकोस.

आशीर्वाद आहेतच, पत्र आलं की आणखी देईन.
मामा

१० मार्च

ती. मामा,

सा. न. वि. वि. काल सोमवार होता. गाडी सुरू झाली नाही.

नवी बॅटरी, मामा. नर्सबाई पिशव्या घेऊन चालत निघाल्या. टेकडीवर एक निवृत्त मास्तर अंथरुणाला खिळलेले आहेत, त्यांच्या पाठीच्या जखमेची पट्टी रोज सकाळी सातला बदलावी लागते. बाई पोचल्या सव्वानऊला. मास्तर घड्याळाकडे बघत पडले होते, असं बाईंनी मला अगदी शांतपणे सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढच्या सोमवारी असंच झालं तर गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला देईन, असं म्हणाल्या. मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

क्रम लिहिते. बॉनेट उघडलं. गाडी बंद केली, किल्ली काढली. चिमटा बॅटरीच्या काळ्या वायरला लावला. आकडा इकडेतिकडे हलत होता, म्हणून शून्याचं बटण दाबलं. शून्य आलं. दहा मिनिटं थांबले. शून्यच होतं. चिमटा काढला.

पुन्हा वाचलं तरी मला यात काही चुकलेलं दिसत नाही, आणि तेच वाईट आहे. दुकान गेलं तर जाऊ दे असं म्हणवत नाही हो. मला दुसरं काही येत नाही, आणि यावंसंही वाटत नाही.

रागवा, पण उत्तर पाठवा.
तुमची भाची

१२ मार्च

चि. भाचीस,

अ. आ. तुझं पत्र सूनबाईनं दोनदा वाचून दाखवलं. मग मी तिला स्वयंपाकघरातला वजनकाटा आणायला सांगितला. त्यावर वाटीभर पीठ ठेवलं, मग शून्याचं बटण दाबलं. काटा म्हणाला, शून्य. पीठ तिथेच होतं. सूनबाई आधी हसली, मग तिनं ते पीठ परत डब्यात ओतलं.

तू हेच केलंस. गळती जबड्यात धरलीस आणि मग यंत्राला सांगितलंस की याला शून्य समज. ते बिचारं आज्ञाधारक आहे. शून्य आधी करायचं, जबडा मोकळा असताना, वायरीपासून लांब. मग लावायचा, आणि नंतर बटणाला हात नाही. दहा मिनिटंही पुरणार नाहीत. आताची गाडी झोपायला पाऊण तास घेते. सगळी दारं लाव, बॉनेटची कडी स्क्रूड्रायव्हरनं आतल्या आत बसव म्हणजे गाडीला ते बंद वाटेल, किल्ली दूर ठेव आणि तोंड मिटून बस. शेवटचं तुला सगळ्यांत जड जाईल.

रागवलेलो नाही. मनापासून सांगतो, क्रम जसाच्या तसा लिहिलास हे मला फार आवडलं. सोमवारच्या आत उरक.

तोवर आशीर्वाद उधार नाहीत, रोख आहेत.
मामा

१६ मार्च

ती. मामा,

सा. न. वि. वि. आज सोमवार. नर्सबाईंची गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली आणि मास्तरांची पट्टी सातला दोन मिनिटं कमी असताना बदलली गेली.

शनिवारी सकाळीच गाडी दुकानात आणली होती. शून्य हवेत केलं, मग चिमटा लावला. पाऊण तास स्टुलावर बसले. सुरुवातीला आकडा मोठा होता, मग उतरत उतरत ०.८५ अँपिअरवर येऊन थांबला. तिथून तो हलेना. त्याचा तिसावा भाग असता तर घड्याळाचा म्हणून सोडून दिला असता. मग कुठलाही फ्यूज न काढता बॅटरीवरून निघणारी एकेक वायर जबड्यात धरत गेले. जाड्या सगळ्या निर्दोष. एक बारकी होती, तिच्यात ०.८२. ती मागच्या डिकीतल्या औषधांच्या पेटीत जात होती. पेटी उघडली की दिवा लागावा म्हणून कुणीतरी कधीकाळी ओढलेली. झाकणाचं बटण अडकलं होतं, त्यामुळे बंद पेटीत दिवा दिवसरात्र जळत होता आणि झाकण बंद असल्यामुळे कुणाला दिसत नव्हता. नर्सबाई म्हणाल्या, तरीच मलमं पातळ होतात.

बटण बदललं, वायरही काढून टाकली, नवी घातली. बाईंनी सर्व्हिस सेंटरचं नाव पुन्हा काढलं नाही.

काळजी मिटली. तुमचीही मिटली असं समजते.
तुमची भाची

१९ मार्च

चि. भाचीस,

अ. आ. कुणीतरी म्हणजे कोण? कधीकाळी म्हणजे कधी? वायरवर टेप कुठली होती आणि ती टोकाला कशानं बांधली होती? जिनं मागच्या पत्रात तास आणि मिनिटं लिहिली तिला हे आठवत नसेल असं मला वाटत नाही.

मामा

२३ मार्च

ती. मामा,

सा. न. वि. वि. कापडी काळी टेप, टोकाला पांढऱ्या दोऱ्याची दुहेरी गाठ. तशी गाठ या जगात एकच माणूस बांधतो. वायर तुमची होती.

आणि विचारलंच आहे तर सगळं लिहिते. ती थेट बॅटरीवरून घेतलेली होती, मध्ये फ्यूज नव्हता. कुठे घासली असती तर गाडी पेटली असती. फ्यूज विसरले म्हणून माझ्या हातावर पट्टी मारणारे तुम्ही. मी ती वायर हातात घेऊन किती वेळ बसले होते कुणास ठाऊक. रडले, हेही लिहिते. तुम्हाला कळवलं नाही, कारण महिनाअखेर तुम्ही दुकानाचं ठरवणार, आणि तुमची चूक दाखवून मी दुकान मागतेय असं दिसलं असतं. तसं दिसण्यापेक्षा दुकान गेलेलं बरं.

सीट-कव्हरवाले आठवडाभर फिरकले नाहीत. तब्येत बरी नसावी.

मला बोला, पण तब्येतीला लावून घेऊ नका.
तुमची भाची

२६ मार्च

पोरी,

हे पत्र मी स्वतः लिहितोय. ओळी एकमेकींवर चढल्या असतील, सावकाश वाच. तुझं पत्र सूनबाईला वाचू दिलं नाही. तिचं भिंग घेऊन मीच वाचलं, त्यात सकाळ गेली.

सीट-कव्हरवाल्यांची तब्येत उत्तम आहे. त्यांना मी बारा तारखेलाच नाही म्हणून कळवलं, तुझा तो क्रम ऐकला त्याच दिवशी. स्वतःची चूक दिसत नसताना ती जशीच्या तशी लिहून पाठवणाऱ्या माणसाच्या हाती दुकान द्यायला हरकत नाही. तुला बोललो नाही, नाहीतर तू पाऊण तासाच्या जागी वीस मिनिटं बसली असतीस.

आता माझा क्रम. डोळे गेल्या वर्षी गेले असं मी सगळ्यांना सांगितलं. त्याच्या आधी दोन वर्षं मला बारीक काही दिसत नव्हतं. दुकान बंद करावं लागेल म्हणून कुणाला बोललो नाही, बोटांनी चाचपून काम करत राहिलो. नर्सबाईंची पेटी त्यातलीच. फ्यूज मी विसरलो नव्हतो. त्याची खाच दिसेना, म्हणून तो बाजूला ठेवला आणि वायर तशीच जोडली. मला लाज वाटते. नर्सबाईंना तसं पत्र टाकलंय.

त्या दोन वर्षांत मी अशीच फ्यूजशिवाय वायर ओढलेल्या गाड्या मागच्या पानावर लिहिल्यात. अकरा आठवल्या. एकेक बोलाव, आणि का बोलावलंस ते खरं सांग. दुकान आता तुझं, म्हणून या अकराही तुझ्या. असं काही कुणी भेट म्हणून देत नाही, मला ठाऊक आहे.

यादीतली पहिली गाडी आमच्याच दारात उभी आहे. रोज सकाळी तिच्यातून नात शाळेत जाते. मी खिडकीशी उभा राहून हात हलवतो. कालपर्यंत निर्धास्त हलवत होतो. पोराला सांगायला हवं होतं, तोंड उघडलं नाही. तू आलीस की तुझ्यासमोर सांगेन.

हे मिळेल त्या दिवशी चिमटा घेऊन नीघ. आशीर्वाद देण्याइतका मोठा आज वाटत नाहीये, तरी ते घे.

तुझा मामा

ता. क. गाडीची किल्ली माझ्या उशीखाली आहे. घरात सगळे शोधतायत, मीही शोधतोय. लवकर ये.