डिस्चार्ज म्हणजे गाडी रिकामी करणे

धरमपेठ, नागपूर
श्रावण वद्य चतुर्थी

चि. रुपराव यास थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. तुमची खुशाली आहे असं धरून चालते, कारण तू कळवत तर नाहीस. तुझ्या भागीरथीचा गुडघा कसा आहे? (तेल लावत नसेल. मले माहीत आहे.) बैलं बरी असतील.

मी दवाखान्यात होती. घाबरू नको गा, मेली असती तर तार आली असती. पित्ताचा खडा काढला. पण खरं सांगू का, तिथं बरं होतं. बाजूच्या खाटेवर नंदनवन वस्तीतली मीराबाई. सकाळपासून नवऱ्याची गाऱ्हाणी, दुपारी सासूची, दिवेलागणीले पुन्हा नवऱ्याची. इतकं बोलणं मी या घरात दोन वर्षांत ऐकलं नाही. मग एक दिवस डॉक्टर म्हणाला, आजी, तुमचा डिस्चार्ज. मी म्हटलं, अजून दुखून राहिलं. कुठं, म्हणाला, तर मी डावी कूस दाखवली. टाके उजवीकडं! सारा वार्ड हसला. मीराबाई तर पोट धरून (तिचे टाके तुटले असते म्हणजे समजलं असतं).

घरी आल्यावर विश्वनाथले विचारलं, बापा, तू कॉलेजात इंग्रजी शिकवतोस, डिस्चार्ज म्हणजे काय? पोरगा खुलला. म्हणे, शब्द मुळात गाडीचा, लॅटिन का कायशा जुन्या भाषेतला. चार्ज म्हणजे गाडीवर लादलेलं ओझं, अन् डिस्चार्ज म्हणजे ते उतरवणं. मी म्हटलं, गाडी मोकळी झाली, बेस झालं. पण उतरवलेलं ओझं ठेवतेत कुठं? त्यानं घड्याळ पाहिलं अन् कॉलेजात गेला. सूनबाई आधीच हापिसात. आता घरात भिंतीवरचं घड्याळ तेवढं बोलते, तेही अर्ध्या अर्ध्या तासानं.

बाकी माझं उत्तम आहे. कोणी येण्याची गरज नाही.

तुझी बाई

ता.क. – पोळा आला. आदल्या सांजेले तू बैलांचे खांदे तूप-हळदीनं मळशील अन् म्हणशील, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवाले या.’ बैल तर दावणीलेच बांधलेले, जाणार कुठं? तरी आपल्यात त्यायलेही बिनआवतणाचं जेवू घालत नाहीत.

आणखी ता.क. – मी बिनबोलावता कुठं जात नाही, हे तुले ठाऊक आहे. गोठ्यात म्हणशील तवा जरा नागपूरकडं तोंड करून म्हण. (कार्ड टाकलं तरी चालते.) दवाखान्यातून आणलेली पिशवी मी अजून रिकामी केली नाही.