पोस्टरवरच्या सुरकुत्या

दादा, तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली, आणि आज दुपारी टीव्हीवर तो सिनेमा लागला. तोच, म्हातारे झालेल्या नट-नटीचा, मेल्यावर पेपरात कुणाचा फोटो मोठा येईल यावरून भांडणाऱ्या दोघांचा. शेवटपर्यंत बघितला, मग टीव्ही बंद केला आणि बाप असलात तरी तुमच्यावर इतका राग आला की लिहायलाच बसले. एवढं कशाला अडून बसायचं होतं तुम्ही?

तेव्हा मी वाळूजच्या कंपनीत पॅकिंगला होते. मुंबईहून छापील पोस्टरं यायला लागली होती, आणि तुमच्याकडून हातानं रंगवून घेणारं शहरात एकच थेटर उरलं होतं. नामांतराच्या मोर्च्यांचे फलक तुम्ही अंगणात बसून रंगवायचात, ते मात्र मनानं, नुसत्या चहावर. त्या सिनेमाचे फोटो पोस्टरसाठी आले तेव्हा तुम्ही ते उलटे करून ठेवले. त्यातल्या नटीला तुम्ही तरुणपणी पंचवीसदा तरी रंगवलेलं. मी म्हटलं, "दादा, फोटोत ती म्हातारी आहे." तर माझ्यावरच खेकसलात, "म्हातारी झाली म्हून हार घालून भिंतीवर टांगायची व्हय? लई देखणी बाई व्हती ती!" आणि गुलाबी गाल, गजरा, सगळं जसंच्या तसं वीस वर्षांपूर्वीचं काढलंत. पिशोरातल्या आपल्या धनगरवाड्यातून मेंढरं सोडून तुम्ही शहरात आलात ते तिचंच पोस्टर बघून, असं आई सांगायची. खरं खोटं देव जाणे.

लोक प्रेमाचा सिनेमा समजून आले आणि पडद्यावर निघाले दोन म्हातारे. खुर्च्या फाडल्या. सोमवारी पहिली पाळी संपवून मी चौकात कंपनीच्या बसमधून उतरते तर तुम्ही भर उन्हात शिडीवर. खाली थेटरचा मॅनेजर ओरडतोय, "मास्टर, पब्लिक गाली दे रई! बुढ्ढी बनाओ इसको, अब्बीच!" रिक्षावाले, पानवाला, सगळे जमलेत. कुणीतरी म्हणतं, "चाचा, दो दात बी गिरा दो!" आणि हशा. तुम्ही तिच्या डोळ्यांखाली राखाडी रेघ ओढता, थांबता, दुसरी ओढता. मॅनेजर म्हणतो, और डालो. तुम्ही आणखी घालता. मला त्याच्या थोबाडात मारावीशी वाटत होती, पण घर त्या कामावरही चालत होतं. मी काय केलं? पुढं होऊन शिडी धरली. ती हलत नव्हती, तरी धरली. तुम्ही एकदा खाली बघितलंत आणि परत रंगवू लागलात.

घरी आल्यावर ताटावर बसलात आणि भाकरीला हात लावला नाहीत. रंगवलेला एकही सिनेमा तुम्ही कधी बघितला नाही. तेल लावून हाताचा रंग काढता काढता एकदम म्हणालात, "तू जाऊन बघून ये. लोकं तिला हसत्यात का, तेवढं सांग." रविवारी मी मॅटिनीला गेले. परत आले तर तुम्ही ओट्यावर माझी वाट बघत बसलेले. मी सांगितलं, "नाय दादा. कुणी हसत नाय. बायका डोळे पुसतात." तुम्ही म्हणालात, "व्हय?" आणि उठून हातपाय धुतलेत. त्यानंतर थेटरात पाय ठेवला नाहीत, ब्रश घासलेटात बुडवून ठेवले ते तसेच वाळले, आणि मी विचारलं की म्हणायचात, काम चांगलं झालं, आता बास. मी काहीच करू शकले नाही.

हे पत्र टाकायचं तरी कुठं? पण एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. दादा, त्या रविवारी तिच्या भांडणाला सगळं थेटर हसत होतं. मीसुद्धा हसले, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आज परत हसले.