नशिराबादला असलेलं मशीन

६ फेब्रु., शुक्र. जळगाव.
काल नानांचं तेरावं झालं. आज सकाळी सातला दारात असोद्याचे एक आजोबा, हातात आमचा वॉकर. "आता लागत नाही, तुमच्या वडलांना द्या." नाना गेले म्हटल्यावर तोच वॉकर धरून पायरीवर बसले. त्यांना पाणी, चहा, पाऊण तास. दुपारी कुणीतरी कमोडची खुर्ची अंगणात ठेवून गेलं. नाव नाही, गाव नाही.
पुढच्या खोलीत दवाखान्यातल्यासारख्या दोन कॉट, चार वॉकर, तीन व्हीलचेअर, गुंडाळलेली पाण्याची गादी. भेटायला येणाऱ्यांनी बसायचं कुठे? माझ्या लग्नातही हेच होतं. लाइनमनची नोकरी करून उरलेला सगळा वेळ नानांनी यात घातला. ज्याच्या घरी आजारी माणूस, त्याला वस्तू न्यायची, गरज संपली की परत आणायची. मोडली तर स्वतः दुरुस्त करायची. फुकट.
आईला म्हटलं, सगळं कुठल्यातरी संस्थेला देऊन टाकू, तू धुळ्याला चल. ती मेथी निवडत राहिली.

७ फेब्रु., शनि.
कॉलनीतले पाटील सर आले. गुरुवारी शोकसभा. मी शिक्षिका म्हणून परिचय मीच लिहायचा. "कुटुंबवत्सल आणि समाजसेवक, असं काहीतरी येऊ द्या." काहीतरी!
लिहायला बसले. आई आजारी होती त्या वर्षी माझ्या दोन वेण्या नाना घालायचे, वायर पिळल्यासारख्या घट्ट, डोकं दुखायचं. डी.एड.च्या प्रत्येक पेपरला बाहेर लिंबाखाली उभे. धुळ्याला येताना एसटीत मांडीवर भरताची वांगी, पिशवी खाली ठेवायची नाही, दबतात म्हणून. माझ्या दोन्ही बाळंतपणांत शेक-शेगडी त्यांनी केली, सासूबाई बघत राहिल्या.
यातलं काय वाचून दाखवणार? कागद तसाच.

८ फेब्रु., रवि.

परिचयासाठी नानांचा बरा फोटो शोधत होते. कपाटातल्या फायलीत डॉक्टरांची चिठ्ठी सापडली, डिसेंबरची. इतर औषधांखाली लिहिलंय, घरी रोज रात्री ऑक्सिजन मशीन लावावे.
लावलं नव्हतं. मी संक्रांतीला आले तेव्हा ते खुर्चीत बसून झोपत होते. म्हणाले, पाठ दुखते.
आईला विचारलं. तिने चिठ्ठी घेऊन परत फायलीत ठेवली. मग म्हणाली, "तीन मशिनी होत्या. तिन्ही दिलेल्या."
एक परत मागायचं!
"मी म्हटलं त्यायले. नशिराबादचं तरी आना. तर मले म्हने, त्या बाईले दिवसरात्र लागतं, माह्यं काय, बसून झोपलो तरी भागतं."
मग मला का नाही सांगितलं? धुळ्यात भाड्याने मिळतं. एका फोनचं काम होतं. एका!
"तुही परीक्षा चालू होती शाळेत. नको सांगू म्हने."
शाळेतली परीक्षा. चौथीच्या मुलांची. त्यासाठी मला कळू दिलं नाही. याला कुटुंबवत्सल म्हणायचं का पाटील सर?

९ फेब्रु., सोम.
आईला बाजारात जाते सांगून नशिराबादला गेले. पत्ता नानांच्या देण्याघेण्याच्या वहीत होता. शिलाई मशीनवाले सलीमभाई. त्यांची आई हमीदाआपा आतल्या खोलीत, नाकात नळी, कोपऱ्यात नानांचं मशीन घरघरतंय. दीड वर्षापासून त्यावरच आहेत.
आपा मला बघून रडल्या. म्हणाल्या, भाऊ जानेवारीत आले होते, मशीनची जाळी साफ करून गेले. "यहीं जमीन पर बैठे थे. बहोत थके लग रहे थे. मैंने कहा, भाऊ, आराम करो."
थकले नव्हते, त्यांना श्वास लागत होता. मी तेच म्हणाले. तोंडातून गेलंच. हे मशीन त्यांना स्वतःला लागत होतं, डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, आणि त्यांनी तुमच्याकडून मागितलं नाही.
बाहेर सलीमभाईंचं शिलाई मशीन थांबलं. आपांनी माझ्याकडे बघितलं. मी चप्पल घातली.

१० फेब्रु., मंगळ.
डॉक्टरांना फोन केला. मशीन असतं तर वाचले असते का? म्हणाले, ताई, हृदय फार कमजोर होतं, सांगता येत नाही. कदाचित त्रास कमी झाला असता.
कदाचित.
आईला कालचं सांगितलं नाही. परिचय चार ओळींचा लिहिला, फाडला.

११ फेब्रु., बुध.
अकरा वाजता सलीमभाई रिक्षातून मशीन घेऊन दारात. खाली मान. "अम्मी लावून घेत नाही. म्हणते, भाऊंचा श्वास मी घेतला. कालपासून नुसती बसून आहे. ओठ काळे पडलेत ताई."
आईने सगळं ऐकलं. मला म्हणाली, "तू गेली होती तिथी?"
हो.
"कशाले सांगतलं तिले? त्यायनं तोंडातून काढलं नाही मरेपर्यंत. तू सांगून आली?" एवढ्या वर्षांत आई अशी ओरडली नाही माझ्यावर. "जाय. आताच्या आता जाय. त्या बाईच्या नाकात नळी घालून मंगच घरी ये."
त्याच रिक्षात मशीन मांडीवर घेऊन बसले. वजन फार.
आपा भिंतीला टेकून, प्रत्येक श्वासाला खांदे वर. मी प्लग लावला. नळी हातात घेतली. त्यांनी माझं मनगट धरलं. "पहले बोल. दिल में गुस्सा है?"
मी म्हटलं, नाही.
खोटं. राग होता, आहे. आपांवर नाही, पण तेव्हा तेही मला नीट कळलं नव्हतं. कुणावर ते कसं सांगणार, माणूस अठरा दिवसांपूर्वी गेलेला...
त्यांनी माझं मनगट सोडलं. मग मान पुढे केली. नळी लावली. अर्ध्या तासाने ओठांना रंग आला. सलीमभाईंच्या बायकोने खीर दिली. खाल्ली.

१२ फेब्रु., गुरु.
शोकसभा. पाटील सरांनीच परिचय लिहिला होता. 'स्वतःसाठी कधी काही मागितले नाही.' सगळ्यांनी माना डोलावल्या. मी उठून बाहेर आले. सर मागे आले, "रडू येणं साहजिक आहे." रडत नव्हते. नाही मागितलं म्हणूनच तर संताप आहे, हे सरांना कोण समजावणार.
घरी आलो तर एक बाई कॉटसाठी बसलेली. आई म्हणाली, "ते धुरकट रंगाची घेऊन जाय, तिचं चाक चांगलं हाये." मी एका बाजूने उचलली. न उचलून काय करणार.
आई धुळ्याला येत नाही. विषय संपला म्हणाली.

१५ फेब्रु., रवि. धुळे.
उद्यापासून शाळा. ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, नानांच्या जागी तू असतीस तर मशीन परत मागितलं असतंस?  मागितलं असतं. निदान घरात बोलले असते.
संध्याकाळी सलीमभाईंचा फोन. आपा बऱ्या आहेत, जेवतात. मग म्हणाले, "अम्मीने एक बात बोलने को कहा है. ती म्हणते, त्या दिवशी बेटी खोटं बोलली, मी माझ्या जिवासाठी ऐकून घेतलं. तिला सांग, येऊन खरं बोलून जा. मी ऐकते."
मी म्हटलं, येईन.
कधी, ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.