मोठ्या रॉकेटची रिंग

५ ऑक्टोबर, रविवार
आजपासून रोज लिहिणार. ठराव पहिला: कुणावर संशय घ्यायचा नाही. मी मुळात संशयी नाहीच, पण लिहून ठेवलेलं बरं.
माळ्यावरून यांची पेटी काढली. हे कराडला कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. कागदी नळीची रॉकेटं करायची आणि पोरांना उडवून दाखवायची, हा नाद. पेटीत मोठं रॉकेट, काडतुसासारखी दोन इंजिनं, पॅराशूट. नळी चेमटली आहे, एक पंख मोडला आहे.
गेल्या वर्षी यांच्या दहाव्याला कावळा शिवेना. माझे दीर मानसिंग हात जोडून म्हणाले, वैनीला अंतर देणार न्हाई. कावळा ढिम्म. त्यालाही शंका आली असावी. शेवटी मी म्हटलं, मोठं रॉकेट दुरुस्त करून उडवीन. लगेच खाली आला. वर्षश्राद्ध नऊ नोव्हेंबरला आहे. काम दोन दिवसांचं.
पेटीच्या तळाशी रुमालात गुंडाळलेली एक हिरवी बांगडी निघाली. प्लॅस्टिकची. माप सव्वादोन. माझा हात अडीचचा.
साबण लावून बघितली. बोटांच्या सांध्याशी अडली.
काही विशेष नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी
कुणाची असेल?

७ ऑक्टोबर, मंगळवार
कराडच्या स्टेशनरीवाल्याकडे रॉकेटची नळी मागितली. म्हणाला, काकू, दिवाळीला अजून टाइम हाय. आणि फटाक्याचं रॉकेट पुढं केलं. मी बघत राहिले तेव्हा म्हणाला, साहेब सांगलीस्नं आणायचे नळ्या, त्रिशलाताईंकडनं. महिन्यातनं एकदा तरी जायाचेच.
महिन्यातून एकदा! मला सांगायचे, कॉलेजचं सामान आणायला जातो.
चौकशी म्हणजे संशय नव्हे. मी रहस्यकथा पुष्कळ वाचल्या आहेत. शाळा चौथीपर्यंतच, पण पुढं किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचत वाचत पुस्तकांपर्यंत आले. अशा कथांत पहिला धागा नेहमी दुकानदाराकडूनच मिळतो.

११ ऑक्टोबर, शनिवार
सांगलीला जाऊन आले. बांगडी पर्समध्ये. त्रिशलाताईंचा सुतासाठी कागदी नळ्या करायचा कारखाना आहे. यांचं नाव सांगताच त्यांचे डोळे भरले. नोंद घेतली.
बाई मात्र कामाची. जुनी नळी मापली, तशीच नवी काढून दिली. रॉकेटचं टोकदार टोपण त्यात अलगद बसलं. पंखांसाठी पुठ्ठाही कापून दिला. मग नळीत डोकावून म्हणाल्या, अहो वहिनी, आतली रिंग कुठाय? पॅराशूटची दोरी तिलाच बांधतात. तुमच्याकडे मिळेल का, असं विचारलं. म्हणाल्या, ती आमच्याकडं कवाच घेतली न्हाई त्यांनी. रिंग घरचीच हाय म्हणायचे.
आमच्या घरातली वाटीन् वाटी मला माहीत आहे. अशी रिंग आमच्या घरात नाही. मग कुठलं घर?
निघताना बांगडी काढून म्हटलं, ताई, ही तुमची पडली का? त्यांनी हातात घालून बघितली. माझ्यासारखीच सांध्याशी अडली. त्रिशलाताई निर्दोष.
दोन ट्यूबांचा कडक गोंद न्या म्हणत होत्या, नाहीतर रिंग निसटंल. विकायचा डाव मला कळतो. घरी मैद्याची खळ करीन.

१५ ऑक्टोबर, बुधवार
रिंगचा शोध. कुकरची बसत नाही. पडद्याची फारच लहान. पाइपवाल्याचा कपलर वजनाला वरवंटा. पाइपवाल्याला माप कळेना, म्हणून बांगडी दाखवली. म्हटलं, हुबेहूब एवढी पाहिजे. तर म्हणतो, मग हीच घाला की काकू, झक्कास बसंल.
पुरुषांना थट्टेला काळवेळ नसतो. दुसऱ्या दुकानात गेले.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार
दिवाळी झाली. आमच्याकडे यंदा नव्हतीच. कॉटच्या त्यांच्या बाजूला मी पुस्तकं ठेवली आहेत. पुस्तकं कूस बदलत नाहीत, हा त्यांचा एक दोष.
आज वाचनालयात गेले. यांच्याशी तिथल्या चंद्राबाई तासन् तास बोलायच्या, हे सगळ्या गावाला माहीत आहे. मला कधी त्याचं काही वाटलं नाही. बांगडी पुढं केली. कुठं न लागता थेट कोपरापर्यंत गेली!
मी हाताकडे बघत होते. चंद्राबाई म्हणाल्या, अगं बाई, माझ्या काटकुळ्या हातात पोरीबाळींची बांगडीसुद्धा जाईल, पण तुला झालंय काय? मी बांगडी काढून घेतली. मग म्हणाल्या, साहेब इथं बसून कुणाबद्दल बोलायचे, सांगू?
मी उठले. पुस्तक न घेताच आले. तीस वर्षांत पहिल्यांदा.

२६ ऑक्टोबर, रविवार
यांना माफ केलं. कुणाचीही असो. मन मोठं ठेवायचं, हा आजपासून ठराव.
कृष्णेच्या पुलावर जाऊन बांगडी पाण्यात सोडली. शेजारच्या बाईला वाटलं मी ओटी वाहिली. तिनंही हात जोडले. एकदम हलकं वाटलं. आता शांत डोक्यानं रिंग शोधायची.

२८ ऑक्टोबर, मंगळवार
हलकं वाटणं कमी झालं आहे. चंद्राबाई काय सांगणार होत्या?

३० ऑक्टोबर, गुरुवार
रिंग कुठंच नाही. शेवटी डोकं चालवलं. यांची जुनी मोडकी रॉकेटं पोत्यात पडून आहेत. एखाद्यातली काढावी. एक विळीवर उभं चिरलं.
आत हिरवी बांगडी.
दुसरं चिरलं. हिरवी बांगडी. तिसरं चिरवेना. टॉर्च लावून बघितलं. हिरवी बांगडी, आणि तिला दोरीची दुहेरी गाठ.
मग आठवलं. एका नागपंचमीला हे शिराळ्याहून माझ्यासाठी डझनभर बांगड्या घेऊन आले होते. एकही हातात गेली नाही. शेजारणींसमोर मी म्हटलं होतं, इतक्या वर्षांत बायकोचा हात कळला नाही, यंत्रांची मापं बरी कळतात. हे हसले. परत करतो म्हणाले. जत्रेतला कासार परत कुठं सापडायचा? कुठं गेल्या, मी पुन्हा विचारलं नाही.
रिंग घरचीच म्हणायचे.
पेटीतली रुमालातली बांगडी मोठ्या रॉकेटसाठी काढून ठेवली असणार. दुरुस्ती त्यांनाच करायची होती. ती आता कृष्णेत आहे.
चिरलेल्या रॉकेटातली एक धुऊन मोठ्यात घातली. तंतोतंत बसली. मापावं लागलं नाही.

३ नोव्हेंबर, सोमवार
चंद्राबाईंकडे गेले. चहा घेतला. त्या आपणहून काही बोलेनात, म्हणून मीच विचारलं. म्हणाल्या, रॉकेट उडवून आले की सांगायचे, आजपण बायकोच्या बांगडीनं पॅराशूट धरलं.
नाव घेऊन सांगायचे का, असं विचारलं. खात्री केलेली बरी.
नाव घेऊन सांगायचे, म्हणाल्या. दोन पुस्तकं घेऊन आले.

८ नोव्हेंबर, शनिवार
सगळं तयार. पंख नवे, नळी नवी, रिंग घरची. खळ उत्तम जमली, बोटाला लागली की सुटत नाही. त्रिशलाताईंचा गोंद घेतला नाही ते बरंच केलं. उद्या रॉकेट वर जाईल, पॅराशूटनं अंगणात उतरेल, मग फळीवर ठेवून रोज पुसायचं. फळी कोणती ते ठरवलं आहे.

९ नोव्हेंबर, रविवार, दुपार
वर्षश्राद्ध. कावळा रॉकेटची वाट न बघता आधीच जेवून गेला.
मानसिंग भाऊजींनी वात पेटवली. त्यांची बायको बनुबाई आत पुरणाकडे होती, तिनं काही बघितलं नाही. रॉकेट सुंदर गेलं. नारळाच्या झाडाच्या दुप्पट उंच. पॅराशूट उघडलं. पोरं ओरडली, मीही ओरडले असं भाऊजी म्हणतात.
मग खळ सुटली. नळी पहारीसारखी सरळ खाली येऊन उकिरड्यात रुतली. टोपण, पॅराशूट आणि बांगडी वाऱ्यावर भाऊजींच्या उसात गेली. ऊस पुरुषभर वर आहे. भाऊजी म्हणाले, जाऊ द्या वैनी, तोडीला सापडंल.
तोडीपर्यंत थांबायचं. धीर धरणं मला जमतं.

त्याच दिवशी, संध्याकाळी
बनुबाई दारात उभी आहे. वैरण काढताना उसात बांगडी सापडली म्हणते. पॅराशूट नाही, टोपण नाही, नुसती बांगडी. तिची नाही. म्हणते, आक्का, रोज उसाला पाणी पाजाय जात्यात न्हवं का हे, आज कळलं कसलं पाणी ते. आणि रडायला लागली.
मी म्हटलं, वेडी का काय? माझी आहे ती. यांनी आणलेली.
डोळे पुसून बघत राहिली. हिरवी? तुमची? मग घाला बघू हातात, म्हणते.
सगळं समजावून सांगितलं. रॉकेट, रिंग, शिराळा. एक शब्द पटला नाही तिला. फार संशयी बाई.
घालून दाखवते म्हटलं आहे. साबण कुठं ठेवला ते आठवेना, म्हणून तोवर एवढं लिहून घेतलं.