झाकण घट्ट होतं

मंगळवार, ३ मार्च

प्रिय मावशी,

नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. आईचा गुडघा कुरकुरतो. बाबा गुडघा न दुखताच कुरकुरतात. तू कशी आहेस हे मला ठाऊक नाही, म्हणून विचारते आहे.

आधी जे घडलं ते क्रमाने लिहिते. मला तसंच जमतं.

१. चार वर्षांपूर्वी, बाबा निवृत्त झाले त्या संध्याकाळी, आमच्याकडे अकरा माणसं होती.
२. तू बाबांच्या साहेबांची नक्कल केलीस. सगळे हसले. सगळ्यात जास्त तू हसलीस.
३. तू उठलीस. खुर्चीची गादी ओली होती. तू म्हणालीस, "अगंबाई, माझी बाटली गळली वाटतं."
४. मी बाटली तपासली. झाकण घट्ट होतं. तसं मी सांगितलं.
५. तू न जेवता गेलीस. त्यानंतर आमच्याकडे आली नाहीस.

आईचा समज वेगळा आहे. त्या दिवशी ती तुझ्या केसांच्या रंगाला "जरा भडकच गं" म्हणाली, त्याचा तुला राग आला असं तिला वाटतं. प्रायश्चित्त म्हणून तिने स्वतःचे केस त्याच रंगाचे करून घेतलेत. बाबा म्हणतात, "दोघी बहिणी भडकल्या, पण फोनवर बोलतात हवापाण्याचं." मी आईचा समज दूर केलेला नाही.

आता माझ्या कामाबद्दल. मी हॉस्पिटलसाठी "कसली तरी यंत्रं" करते, एवढं आईने तुला सांगितलंच असेल. नेमकं असं की मूत्राशय आणि गर्भाशय ज्या स्नायूंवर टेकलेले असतात, ते सैल पडले तर काय करायचं आणि मुळात पडू नयेत म्हणून काय करायचं, हे आम्ही शोधतो. सर्जनबाई त्या स्नायूंना श्रोणितळ म्हणतात. आमची फिजिओथेरपिस्ट ओढणी दोन्ही हातांत ताणून दाखवते आणि म्हणते, "ही झोळी. बाळंतपणं, वजनं, वर्षानुवर्षांचा खोकला, सगळं हिनेच झेललंय." बायकांना तिचंच कळतं. मलाही.

पहिले दोन महिने आम्ही नुसते भांडलो. सर्जनबाईंना जिथे तिथे टाका दिसायचा, फिजिओला व्यायाम, मला सेन्सर. संख्याशास्त्रज्ञाचं म्हणणं एकच: "चाचणीला बायका कमी पडताहेत." आता बरं चाललंय. मी केलेली पट्टी पोटावर बांधली की कोणत्या हालचालीला झोळीवर किती दाब येतो ते पडद्यावर दिसतं.

अडलंय एकाच ठिकाणी. खोक म्हटलं की बाई खोकते. उडी मार म्हटलं की मारते. हस म्हटलं की हसत नाही. म्हणून संख्याशास्त्रज्ञ कागदावरून विनोद वाचून दाखवतो. गेल्या आठवड्यात एका आजींनी त्याला मध्येच थांबवलं. "बाळा, तुला बरं नाही का? बस जरा." आलेख सपाट.

सर्जनबाई म्हणाल्या, "एखादं खरं हसवणारं माणूस आणा. नाहीतर अहवालात लिहा, हसू उपलब्ध नाही."

मी म्हणाले, माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत, नकला करतात. नातं सांगितलं नाही. दुसरंही काही सांगितलं नाही.

इथे क्रमांक चार दुरुस्त करायला हवा. तो खोटा नाही, अपुरा आहे. मी बाटली दोनदा तपासली. पहिल्यांदा उलटी धरली तेव्हा मला काही माहीत नव्हतं. मग तू माझ्याकडे पाहिलंस आणि मला कळलं. तरीही मी ती पुन्हा उलटी करून जोरात हलवली, सगळ्यांना दिसेल अशी, कारण माझं म्हणणं बरोबर होतं. तू लहानपणी मला फूटपट्टी म्हणायचीस. त्या दिवशी मी तेवढीच होते.

आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक जणींनी ती ओल आधी कशावर तरी ढकललेली असते: नळावर, नातवावर, मांजरावर. त्यांच्या घरी बाटली तपासणारी भाची नव्हती, एवढाच फरक.

फोनवर तू हल्ली ओठ मिटून हसतेस. ते मला आवाजावरून कळतं.

आता दोन गोष्टी. त्या एकमेकींत मिसळू नकोस. एक: दर मंगळवारी दुपारी चार वाजता आम्हाला हसवणारं माणूस हवं आहे. हे खरं काम आहे, तुझ्यासाठी शोधून काढलेलं निमित्त नाही. दोन: फिजिओ त्याच मजल्यावर बसते, उजवीकडचं दुसरं दार. तिच्याकडच्या बऱ्याच जणींना नुसत्या व्यायामाने तीन-चार महिन्यांत फरक पडला. सगळ्यांना पडतो असं नाही. मग पुढचे उपाय आहेत. त्या दारात जायचं की नाही ते तू ठरव. मी विचारणार नाही. तुझे कागद मला दिसणार नाहीत, अशी सोय मी आधीच करून घेतली आहे.

एक कर, दोन कर, दोन्ही कर, काहीच करू नकोस. मात्र आईचे केस एकदा बघायला ये.

तुझी बाटली त्या दिवशी आमच्याकडेच राहिली. ती माझ्या टेबलावर आहे. मी ती परत तपासलेली नाही.

शनिवार, १४ मार्चपर्यंत उत्तर दे. "नाही" असलं तरी लिही.

तुझीच,
फूटपट्टी